रडारला न दिसणारा अंतराळ कचरा आणि गांधीनगरच्या काचेच्या नळीतल्या लाटा

५ नोव्हेंबर २०२५. चीनच्या तियानगाँग अंतराळ स्थानकावरून तीन अंतराळवीर घरी परतणार होते. पण निघायच्या आधी कळलं की त्यांच्या शेनझोऊ-२० यानाच्या खिडकीच्या काचेला बारीक तडे गेलेत. संशय अंतराळातल्या कचऱ्याच्या एका छोट्याशा तुकड्यावर होता. परतीचा प्रवास थांबवला गेला. शेवटी १४ नोव्हेंबरला हे तिघं शेनझोऊ-२१ मधून उतरले, म्हणजे त्यांच्या जागी नुकत्याच आलेल्या टीमच्या यानातून.

मग वर राहिलेल्या नव्या तिघांचं काय? त्यांच्याकडे परत यायला धड यानच उरलं नव्हतं. २५ नोव्हेंबरला चीनने शेनझोऊ-२२ माणसांशिवाय वर पाठवलं, तेव्हा कुठे प्रश्न सुटला. मधले ११ दिवस तिघांचा जीव ‘काही होऊ नये’ या भरवशावर होता.

हे सगळं झालं ते कुठल्याही रडारला आधी न दिसलेल्या तुकड्याच्या संशयामुळे. असे तुकडे शोधायची एक वेगळीच कल्पना सध्या चर्चेत आहे आणि तिचा एक महत्त्वाचा धागा गांधीनगरच्या एका प्रयोगशाळेत सापडतो. तिथे धूळ, आर्गॉन वायू आणि एक काचेची नळी वापरून केलेला प्रयोग नेमकं काय सांगतो, आणि काय सांगत नाही, ते आज बघू.

मोठा कचरा दिसतो, छोटा मारतो

अंतराळ कचरा म्हटलं की आपल्याला चंद्रपूर आठवतं. एप्रिल २०२२ मध्ये सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून धातूची भलीमोठी रिंग पडली होती. आकाशातून जळत जाणाऱ्या तुकड्यांचे व्हिडिओ तेव्हा प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर फिरले. तो चिनी रॉकेटचा भाग असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं.

असे मोठे तुकडे भीतीदायक वाटतात, पण त्यांची एक गोष्ट चांगली असते. ते रडारवर दिसतात. त्यांची कक्षा नोंदवता येते, आणि टक्कर होणार असं वाटलं तर उपग्रह थोडा बाजूला घेता येतो.

खरी अडचण छोट्या तुकड्यांची आहे. युरोपियन स्पेस एजन्सीच्या अंदाजानुसार पृथ्वीभोवती १ सेमीपेक्षा मोठे १२ लाखांहून जास्त तुकडे फिरतायत. नियमित ट्रॅक होतात ते सुमारे ४०,०००. त्याहून लहान, म्हणजे १ मिमी ते १ सेमी आकाराचे तुकडे तर कोट्यवधी आहेत.

‘एवढ्याशा तुकड्याने काय होणार?’ असं वाटत असेल तर हिशोब करा. १ ग्रॅमचा तुकडा सेकंदाला १० किमी वेगाने आदळला, तर त्यात ५० किलोज्यूल ऊर्जा असते. १,००० किलोची कार ताशी ३६ किमी वेगाने भिंतीवर आदळते, तेव्हा तिच्यात तेवढीच ऊर्जा असते. फरक इतकाच, की इथे सगळा मार एका बिंदूवर बसतो.

उदाहरणं आहेत. ऑगस्ट २०१६ मध्ये युरोपच्या सेंटिनेल-१ए उपग्रहाच्या सोलर पॅनेलवर काही मिलिमीटरचा कण आदळला. पॅनेलवर सुमारे ४० सेमी व्यासाचा भाग खराब झाला. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या कॅनडार्म-२ या रोबोटिक हाताला भोक पडलेलं आढळलं. तो तुकडा येताना कुणालाच दिसला नव्हता.

रडारला तो का दिसत नाही?

रडार रेडिओ लहर सोडतं आणि वस्तूवर आपटून परत येणारी लहर पकडतं. पण वस्तू त्या लहरीच्या लांबीपेक्षा बरीच लहान असेल तर फारच थोडी लहर परत येते. किती थोडी? अशा वेळी वस्तूचा आकार निम्मा झाला, तर परत येणारा सिग्नल ६४ पटींनी घटतो. १० सेमीचा तुकडा पकडणाऱ्या रडारला १ मिमीचा तुकडा का सापडत नाही, ते यावरून लक्षात येईल. रडार आणखी दणकट करून हा प्रश्न पूर्ण सुटणार नाही.

म्हणून काही शास्त्रज्ञांनी प्रश्नच बदलला. तुकडा दिसत नाही, ठीक आहे. पण तो जिथून जातो तिथे काही खळबळ माजते का? ती पकडता येईल का?

रात्री खाडीच्या काठावर उभे असाल तर अंधारात होडी दिसत नाही. पण ती गेल्यावर काठावर लाटा येतात. होडी न बघताही कळतं की काहीतरी इथून गेलं.

अंतराळात पाणी कुठून आलं?

पाणी नाही, पण प्लाझ्मा आहे. ४००-५०० किमी उंचीवर, जिथे अंतराळ स्थानकं आणि स्टारलिंकसारखे उपग्रह फिरतात, तिथे हवा अगदीच विरळ असते. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे त्यातल्या काही अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. मोकळे इलेक्ट्रॉन आणि उरलेले धनभारित आयन यांचं हे मिश्रण म्हणजे प्लाझ्मा. घरातली जुनी ट्यूबलाइट पेटते तेव्हा तिच्या आत हाच प्रकार असतो.

प्लाझ्मात ठेवलेली कुठलीही वस्तू विद्युतभारित होते. इलेक्ट्रॉन हलके आणि चपळ, आयन जड आणि संथ. त्यामुळे वस्तूवर इलेक्ट्रॉन जास्त आदळतात, चिकटतात आणि वस्तू साधारणपणे ऋणभारित होते. उन्हात प्रकाश काही इलेक्ट्रॉन उडवतो, तेव्हा हिशोब थोडा बदलतो. पण भार असतोच. कचऱ्याचा तुकडाही त्याला अपवाद नाही.

म्हणजे चित्र असं आहे: भारित तुकडा सेकंदाला सात-आठ किमी वेगाने प्लाझ्मातून धावतोय. पाण्यातल्या होडीसारखा तो आजूबाजूच्या प्लाझ्माला ढकलत जाणार. गांधीनगरच्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चमधले अभिजित सेन, पी. के. काव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये नेमकी हीच गोष्ट मांडली. त्यांचं म्हणणं होतं की असा तुकडा फक्त मागे लाटा सोडणार नाही, काही परिस्थितीत तो आपल्या पुढेही लाटा पाठवेल. या पुढे धावणाऱ्या लाटांचं नाव ‘प्रिकर्सर सॉलिटॉन’.

सॉलिटॉन म्हणजे काय?

१८३४ मध्ये स्कॉटलंडमध्ये जॉन स्कॉट रसेल नावाचा इंजिनिअर एका कालव्याच्या काठी होता. घोडे ओढत असलेली बोट अचानक थांबली, पण तिच्या पुढे साचलेला पाण्याचा उंचवटा थांबला नाही. तो एकटाच, आकार न बदलता, कालव्यातून पुढे निघाला. रसेलने घोड्यावरून त्याचा पाठलाग केला. साधी लाट पसरत जाते आणि विरते. ही एकांडी लाट आपला आकार टिकवून लांब जाते. म्हणून ती ‘सॉलिटॉन’.

उथळ पाण्यात जहाजाचा वेग लाटेच्या वेगाच्या आसपास पोहोचला, तर जहाज असे उंचवटे एकामागोमाग एक आपल्या पुढे फेकतं. पाण्यात हे माहीत होतं. प्लाझ्मात होतं का, हे कुणी प्रयोगाने तपासलं नव्हतं.

मग प्रयोगात धूळ कशाला?

इथेच खरी गंमत आहे. साध्या प्लाझ्मातल्या लाटा सेकंदाला किलोमीटरच्या वेगाने जातात आणि इलेक्ट्रॉन-आयन डोळ्यांना दिसत नाहीत. लाट ‘बघायची’ तर सोय नाही.

पण प्लाझ्मात मायक्रॉन आकाराची धूळ सोडली की सगळंच बदलतं. प्रत्येक कणावर हजारो इलेक्ट्रॉन चिकटतात. खालून विद्युत क्षेत्राचा रेटा मिळतो आणि कण गुरुत्वाकर्षणाला न जुमानता हवेत तरंगतात. सगळ्यांवर ऋणभार, त्यामुळे ते एकमेकांना ढकलतात. एका बाजूला गर्दी झाली की ती गर्दी शेजाऱ्याकडे सरकते, त्याच्याकडून पुढे. ही झाली धुळीची लाट. शास्त्रीय नाव ‘डस्ट अकूस्टिक वेव्ह’, म्हणजे धुळीतल्या ध्वनीसारखी लाट.

धुळीचा कण आयनपेक्षा अब्जावधी पटींनी जड. त्यामुळे ही लाट अगदी संथ चालते. अशी लाट असू शकते, हे एन. एन. राव, पी. के. शुक्ला आणि एम. वाय. यू यांनी १९९० मध्ये कागदावर मांडलं. १९९५ मध्ये अमेरिकेच्या आयोवा विद्यापीठात बर्कन, मर्लिनो आणि दान्जेलो यांनी ती प्रत्यक्ष दाखवली. लाटेची लांबी सुमारे ६ मिमी, वेग सेकंदाला सुमारे ९ सेमी. म्हणजे सेकंदाला १५ लाटा.

हे आकडे तुमच्या फोनच्या हिशोबात बघा. अनेक फोनचा स्लो-मो मोड सेकंदाला २४० फ्रेम घेतो. म्हणजे या लाटेच्या एका फेऱ्यात १६ फ्रेम मिळतील. लेझरच्या पातळ प्रकाशात धूळ चमकते, कॅमेरा लावला की प्रत्येक उंचवटा मोजता येतो. विमान बनवण्याआधी त्याचं छोटं मॉडेल विंड टनेलमध्ये ठेवतात ना, तसंच हे. अंतराळातल्या वेगवान, अदृश्य लाटांचं संथ आणि दिसणारं मॉडेल म्हणजे डस्टी प्लाझ्मा.

गांधीनगरमध्ये काय केलं?

सुरभी जैस्वाल, पी. बंदोपाध्याय आणि अभिजित सेन यांनी हा प्रयोग केला. २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काचेची नळी, आत कमी दाबाचा आर्गॉन, त्यात विद्युत प्रवाह सोडून प्लाझ्मा, आणि केओलिनची, म्हणजे चिनी मातीची बारीक पूड. वाटेत तांब्याची एक बारीक तार. या तारेभोवती विद्युत विभवाचा छोटा ‘डोंगर’ तयार होतो. ही तार म्हणजे आपल्या कचऱ्याच्या तुकड्याची जागा घेणारी वस्तू.

अंतराळात तुकडा धावतो आणि प्लाझ्मा जवळपास स्थिर असतो. इथे उलटं केलं: तार स्थिर ठेवली आणि धुळीचा ढग तिच्यावरून वाहवला. ट्रेडमिलवर पळण्यासारखंच. तुम्ही पळा किंवा पट्टा सरकवा, गणित एकच.

धुळीचा वेग लाटेच्या वेगापेक्षा कमी होता, तेव्हा तारेच्या मागच्या बाजूलाच लाटा दिसल्या. वेग लाटेपेक्षा जास्त झाला, तेव्हा मागच्या लाटा होत्याच, पण पुढच्या बाजूलाही ठसठशीत उंचवटे निघाले. तेच प्रिकर्सर सॉलिटॉन. उथळ पाण्यातल्या जहाजासाठी जे समीकरण वापरतात, त्याच प्रकारच्या समीकरणाने हे निरीक्षणही समजावता आलं.

थोडक्यात, भारित वस्तू प्लाझ्मात पुरेशा वेगाने गेली तर ती आपल्या पुढे लाट पाठवू शकते, हे पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. येणाऱ्या तुकड्याआधी त्याची वर्दी येऊ शकते, या कल्पनेला प्रयोगाचा आधार मिळाला.

पण थांबा, डिटेक्टर तयार झालेला नाही

इथे बरेच व्हिडिओ आणि पोस्ट घाई करतात. ‘भारताने अंतराळ कचरा पकडायचा मार्ग शोधला’ असं थंबनेल बनवायला वेळ लागत नाही. प्रयोगशाळा आणि कक्षा यांच्यात मात्र चार मोठे फरक आहेत.

पहिला फरक वेगाचा. पुढे धावणारे सॉलिटॉन तयार होतात ते वस्तूचा वेग लाटेच्या वेगाच्या जवळपास असतो तेव्हा. वस्तू फारच वेगात असेल तर लाट तिच्या पुढे जाऊच शकत नाही, वस्तूच तिला मागे टाकते. कमी उंचीच्या कक्षेत आयनांच्या लाटेचा वेग सेकंदाला साधारण १ ते २ किमी, आणि तुकड्याचा ७ ते ८ किमी. म्हणजे कित्येक पट. म्हणून सगळ्याच उंचीवर, सगळ्याच तुकड्यांसाठी ही वर्दी मिळेल असं नाही.

दुसरा फरक लाट टिकण्याचा. प्रयोगशाळेतल्या प्लाझ्मात इलेक्ट्रॉन आयनांपेक्षा खूप गरम असतात. आयनोस्फिअरमध्ये दोघांचं तापमान बरंच जवळ असतं. अशा वेळी आयनांची लाट स्वतःची ऊर्जा आयनांनाच देऊन लवकर विरते. लांब जाणारी वर्दी हवी असेल तर ही मोठीच अडचण.

तिसरा फरक चुंबकीय क्षेत्राचा. वर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सगळीकडे आहे, गांधीनगरच्या त्या नळीत ते विचारात नव्हतं. पण ही अडचण संधीही आहे. चुंबकीय क्षेत्रामुळे प्लाझ्मात इतर प्रकारच्या लाटा शक्य होतात आणि त्यातल्या काही तुकड्यापेक्षाही वेगवान असतात.

चौथा फरक आकाराचा. प्लाझ्मा कुठल्याही भाराला काही मिलिमीटर अंतरातच झाकून टाकतो. मिलिमीटरच्या तुकड्यावरचा भार आणि त्याने उठवलेली लाट दोन्ही बारीक असणार. ती लाट सूर्याच्या आणि वातावरणाच्या नेहमीच्या गोंगाटातून वेगळी काढायची आहे.

हे वाचून ‘मग प्रयोग फसला’ असं समजू नका. प्रयोगाचं काम होतं मूळ भौतिकशास्त्र खरं आहे का ते तपासणं, आणि ते त्याने केलं. विंड टनेलमध्ये मॉडेल नीट उडालं म्हणून लगेच तिकिटं विकायची नसतात, आणि तिकिटं विकता येत नाहीत म्हणून विंड टनेल बंदही करायचं नसतं.

जग कुठे पोहोचलंय?

कल्पना कागदावर राहिलेली नाही. अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांसाठी संशोधन करवून घेणाऱ्या आयार्पा या संस्थेने ‘सिंट्रा’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्याचं लक्ष्य १ मिमी ते १० सेमी आकाराचा, आज ट्रॅक न होणारा कचरा शोधणं. त्यात प्लाझ्मातल्या खुणांवरही विचार झाला. मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी कुठल्या उंचीवर, केवढ्या तुकड्यापासून सॉलिटॉन निघू शकतात याची गणितं मांडली.

दुसरीकडे पॉल बर्नहार्ट आणि सहकाऱ्यांनी थेट कक्षेतली निरीक्षणं तपासली. कॅनडाच्या कॅसिओपे उपग्रहावर एक रेडिओ रिसीव्हर आहे. ज्यांची कक्षा आधीच माहीत आहे अशा वस्तू या उपग्रहाजवळून गेल्या, तेव्हा प्लाझ्मात लाटा नोंदल्या गेल्याचं त्यांनी २०२३ मध्ये मांडलं. लक्षात घ्या, आधी माहीत असलेल्या वस्तू. उत्तर ठाऊक असताना खूण सापडणं आणि फक्त खुणेवरून न दिसलेला तुकडा शोधणं, यात खूप अंतर आहे. पण पहिली पायरी हीच असते.

भारतासाठी यात काय आहे?

एप्रिल २०२४ मध्ये इस्रोने जाहीर केलं की २०३० पर्यंत भारताच्या सगळ्या अंतराळ मोहिमा कचरामुक्त करायच्या. उद्दिष्ट चांगलंच आहे. पण ते नवा कचरा होऊ नये यासाठी आहे. वर आधीच फिरणारे लाखो तुकडे शोधायचं काम त्याने होत नाही. त्यासाठी इस्रोचा नेत्र प्रकल्प आहे, आणि तो रडार आणि दुर्बिणींवर उभा आहे. म्हणजे छोट्या तुकड्यांची मूळ अडचण तिथेही राहतेच.

आपल्याकडे या विषयाचं मूळ ज्ञान आहे. इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च ही खरं तर संलयन ऊर्जेसाठी ओळखली जाणारी संस्था. तिथे डस्टी प्लाझ्माचा अभ्यास ‘याचा उपयोग काय’ हे विचारून सुरू झाला नव्हता. पण कल्पना आणि पहिला प्रयोग इथला, आणि कक्षेतली मोजमापं मात्र दुसऱ्या देशांची, असं चित्र आज दिसतंय. भारतीय उपग्रहावर प्लाझ्मा लाटा मोजणारं एक छोटं उपकरण बसवणं, गांधीनगरच्या संशोधकांना तो डेटा मिळणं, आणि चुंबकीय क्षेत्रासह पुढचे प्रयोग होणं, ही पुढची पायरी आहे. इस्रो रॉकेटचा शेवटचा टप्पा प्रयोगांसाठी कक्षेत वापरू देतं, त्यामुळे जागेची अडचण नाही. निर्णयाची आहे.

याचा तुमच्याशी संबंध आहे तो असा. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये भारतात दूरसंचार परवाना मिळाला. खेड्यातला इंटरनेट, वादळाचा अंदाज, शेताचे उपग्रह फोटो, आणि गगनयानातून जाणारे आपले अंतराळवीर, हे सगळं त्याच गर्दीच्या पट्ट्यावर अवलंबून आहे, जिथे शेनझोऊ-२० च्या काचेला तडे गेले.

पुढची बातमी वाचताना

‘लाटांवरून अंतराळ कचरा सापडला’ अशी हेडलाइन तुमच्या फीडमध्ये येईल, तेव्हा शेअर करण्याआधी तीन प्रश्न विचारा:

१. हे प्रयोगशाळेत झालं, कॉम्प्युटरवर झालं, की प्रत्यक्ष कक्षेत?
२. सापडलेली वस्तू आधीच माहीत होती, की लाटेवरूनच पहिल्यांदा कळली?
३. ती १० सेमीची होती, की १ मिमीची?

तिन्हींची उत्तरं ‘कक्षेत, पहिल्यांदा, १ मिमी’ अशी आली, तर ती बातमी खरोखर मोठी. तोपर्यंत गांधीनगरच्या नळीतली ती संथ लाट एवढंच सांगते: या दिशेने शोधण्यात अर्थ आहे. शोध अजून लागायचाय.